मावशीचं डिझेल

लाँड्रीचा बॉयलर सकाळी दोनदा खोकला आणि थंड पडला. टाकीत डिझेलचा थेंब नव्हता. आत दवाखान्याच्या चादरींचे ढीग लागलेले. त्या उकळत्या पाण्यातच धुवायच्या असतात, आणि संध्याकाळपर्यंत पोचल्या नाहीत तर काम दुसरीकडे देऊ, असं मेट्रनने कालच बजावलं होतं. दवाखान्याचं काम गेलं की लाँड्रीला कुलूपच.

"डिझेल कालच येणार होतं ना?" काकांनी हळूच विचारलं. काका म्हणजे लाँड्रीवाल्या मावशीचे यजमान. मावशीशी ते हळूच बोलत.

"येईल कसं? मी ऑर्डर रद्द केली. भाव वाढवला मेल्यांनी!"

यात मावशीचं चुकलं असं कुणी म्हणू नये. गावात तेलाच्या दोन कंपन्या. एकीने भाव चढवला की मावशी तिची ऑर्डर रद्द करायची, दुसरीला फोन लावायची, आणि तासाभरात पहिलीचा माणूस दारात गोड बोलत उभा राहायचा. वर्षानुवर्षं हे झकास चाललं होतं. पण गेल्या महिन्यात दोन्ही कंपन्या एक झाल्या. पेपरात फोटो आला, दोघे मोठे साहेब एकमेकांना केक भरवतायत, आणि खाली छापलेलं, 'ग्राहकांचा फायदा'. ग्राहकांचा! छापताना हात कसा थरथरला नाही कुणाचा?

मावशीने तणतणत दुसऱ्या कंपनीचा नंबर फिरवला.

"तुमच्याकडे येतेय मी. त्या लुटारूंना सोडलं कायमचं."

"मावशी," पलीकडची मुलगी म्हणाली, "त्या लुटारूंचा फोनही आता मीच उचलते. काल तुम्ही माझ्यावरच ओरडलात."

"बरं मग, कालची ऑर्डर परत लाव."

"तुमचं खातंच बंद झालंय. आता तुम्ही नवीन ग्राहक. तीन दिवस लागतील. आणि नवीन ग्राहकाला भाव थोडा जास्त पडतो."

"तीन दिवस? तोवर चादरी काय तुझ्या डोक्यावर उकळू?"

मुलीने फोन ठेवला. काका डबे घेऊन पेट्रोल पंपावर गेले आणि रिकामे डबे घेऊन परत आले. डब्यात द्यायचं नाही, असा वरून हुकूम आला होता. मावशी त्या वरच्याच्या सात पिढ्या उद्धरत असतानाच फोन वाजला. कंपनीच्या डेपोचा मॅनेजर होता.

"मावशी, ड्रायव्हरांचे युनिफॉर्म अजून आले नाहीत."

डेपोतल्या टँकर ड्रायव्हरांचे कपडे मावशीच धुवायची. पूर्वी प्रत्येकाला दोन जोड असत. एक झाल्यावर कंपनीला काटकसर सुचली. साहेबांच्या गाडीत नाही हं, ड्रायव्हरच्या कपड्यांत! जुने सगळे जोड काढून घेतले आणि नव्या नावाचा एकेकच दिला. तो रात्री लाँड्रीत, सकाळी अंगावर.

"इथेच पडलेत. मळके," मावशी म्हणाली.

"अहो, स्वच्छ युनिफॉर्मशिवाय टँकर फाटकाबाहेर सोडता येत नाही. सुरक्षेचा नियम आहे!"

"आणि डिझेलशिवाय माझं पाणी तापत नाही. हाही नियमच आहे."

"आधी युनिफॉर्म द्या, मग डिझेलचं बघतो."

"आधी डिझेल."

"मावशी, आधी युनिफॉर्म!"

"मग बसा बोंबलत!" मावशीने फोन आपटला.

दुपार झाली तरी एकही टँकर हलला नाही. पूर्वी दुसऱ्या कंपनीचे तरी निघाले असते, आता दुसरी आणायची कुठून? पंपांवर 'संपले'च्या पाट्या लागल्या. शाळेची बस रस्त्यातच थांबली, बेकरीची भट्टी विझली. लोक चिडले, आणि शिव्या कुणी खाल्ल्या? पंपावर नळी धरून उभ्या असलेल्या बिचाऱ्या माणसाने. केक खाणारे मजेत होते.

शेवटी मॅनेजर टाय सावरत स्वतःच लाँड्रीत आला.

"मावशी, तीन दिवसांचं सोडा, पहिला टँकर तुमच्याकडेच पाठवतो. पण युनिफॉर्म गार पाण्यात, हाताने नाही का होणार?"

"होतील की. बाह्या वर करा."

"मी?"

"मग काय मी? तो साबण घ्या."

मॅनेजर उकिडवा बसून घासू लागला. काका पिळत होते. मावशी कमरेवर हात ठेवून उभी. "कॉलर, साहेब, कॉलर! जोर नाही का हातात? भाव वाढवताना बरा येतो!"

वाळवायला वेळ नव्हता. "नियमात स्वच्छ लिहिलंय, कोरडा लिहिलेलं नाही," मॅनेजर धापा टाकत म्हणाला. ड्रायव्हरांनी ओलेच कपडे चढवले, आणि खरोखरच पहिला टँकर लाँड्रीच्या दारात आला. ड्रायव्हर नखशिखांत गळत होता. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.

"बघितलंत?" मावशी काकांना म्हणाली. "कंपनी अशी वठणीवर आणतात."

मॅनेजरने बिल पुढे केलं. मावशीने आकडा वाचला. तो सकाळच्या भावापेक्षाही जास्त होता.

"हे काय?"

"आज दुपारपासूनचा नवा दर. सगळ्या गावाला. पुरवठ्यात अडथळा आल्यामुळे."

"कसला अडथळा?"

मॅनेजरने मान खाली घातली. "तुम्हीच, मावशी. टँकर का निघाले नाहीत, असं वरून विचारलं. मी कळवलं. लगेच दर वाढवून आला. त्यांना निमित्तच हवं होतं."

"अरे, तुमच्या त्या कंपनीच्या तोंडाला काळं फासलं पाहिजे!"

"फासा ना. माझ्या स्कूटरमध्येही त्यांचंच पेट्रोल भरायचंय," तो म्हणाला. त्याची बोटं पाण्याने सुरकुतली होती.

मावशी संतापाने लाल झाली. "बरं. मग उद्यापासून एका युनिफॉर्मचे दुप्पट पैसे. आणि कारण लिहा, गरम पाण्याच्या पुरवठ्यात अडथळा!"

"लिहितो की," मॅनेजर निमूटपणे म्हणाला. "तेही डिझेलच्याच दरात धरतील."

मावशीने बिल पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. काका घाबरून तिच्याकडे बघत राहिले.

"भरू का?" ड्रायव्हरने नळी हातात धरून विचारलं.

मावशीने एकदा आतल्या चादरींकडे पाहिलं.

"भर मेल्या," ती म्हणाली.