घरात खाज हाय

सूर्यभानची जीभ तशी तलाठ्यापुढेही अडखळायची नाही. पण एकाहत्तर सालच्या त्या सकाळी, काष्टीच्या बाजाराला जाता जाता सरकारी दवाखान्याच्या रांगेत तो उभा राहिला आणि ती टाळ्याला चिकटली. पंधरा दिवस त्याची बायको पुष्पावती नको त्या जागी खाज आणि आग सोसत होती. "बाप्या डाक्टरापुढं मी न्हाई जायची," म्हणून तिने त्यालाच पिटाळलं होतं. आणि रांगेत पाठीमागे नेमके गावचे आप्पासाहेब, कान टवकारून.

"काय होतंय?" मुंबईहून नुकत्याच आलेल्या तरुण डॉक्टरने विचारलं.

"मला न्हाई. आमच्या घरात..."

आता घरात म्हणजे बायको, हे इकडचं शेंबडं पोरही सांगेल. नवऱ्याने चारचौघांत बायकोला बायको म्हणायचं नाही, नाव तर नाहीच नाही, अशी रीत. डॉक्टर बिचारा चाळीत वाढलेला. त्याच्या लेखी घर म्हणजे चार भिंती.

"काय आहे घरात?"

"खाज हाय. आग बी हुती. पंधरा दिस झालं."

"ढेकूण झालेत का?"

मागे आप्पासाहेब खाकरले. "आसतील," सूर्यभान पुटपुटला.

"कधी फवारलंय?"

"न्हाई."

"मग दुसरं काय होणार? माणसं पाठवतो."

कसली माणसं, हे विचारायलाही सूर्यभान थांबला नाही. घरी येऊन त्याने पुष्पावतीला ठोकून दिलं, "नर्सबाई येनार हायेत."

तिसऱ्या दिवशी पुष्पावती धुतलेलं लुगडं नेसून नर्सबाईची वाट बघत बसली. आले ते चार खाकीवाले, खांद्यावर पंप घेऊन. त्यांनी उतरंड, गोधड्या, पाटा-वरवंटा, सगळा संसार अंगणात काढला. बघता बघता गल्ली गोळा झाली.

"आवो, पन ह्ये कशापायी?" शेजारच्या छबूबाईने विचारलं.

त्यांच्या मुकादमाने खिशातली डॉक्टरची चिठ्ठी काढून खड्या आवाजात वाचली. "सूर्यभान यांच्या घरात पंधरा दिवसांपासून खाज व आग. आजवर फवारणी नाही."

घरात म्हणजे काय, हे गल्लीला पुरतं ठाऊक होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले, बाप्ये उगाच आभाळाकडे बघू लागले. पुष्पावती उतरंडीमागे तोंड लपवून बसली. धरणीने पोटात घ्यावं असं सूर्यभानला झालं. डीडीटीने भिंती पांढऱ्याफेक झाल्या, ढेकूण होते तेवढे मेले, खाज होती तिथंच राहिली.

"माजं नाव घ्यायची तुमाला लाज," पुष्पावती म्हणाली. "आता सारं गाव घेतंय. उद्या मी येते. पन सांगायचं तुमीच, सरळ."

दुसऱ्या दिवशी रांग तीच, मागे आप्पासाहेबही तेच. "काय सूर्यभान, झालं का घर फवारून?" रांग खिदळली. पुष्पावती मान खाली घालून अंगठ्याने माती उकरत होती. ते बघून सूर्यभानला लाज वाटली, पण ही लाज निराळी होती. बाई आग सोसत होती आणि आपण एक शब्द गिळून बसलो होतो.

"डाक्टर," तो मोठ्याने म्हणाला, "ही माजी बायकू, पुष्पावती. हिच्या खालच्या अंगाला खाज हाय, आग हाय, दह्यावानी पांढरं जातंय. ढेकूण न्हाईत."

नर्सबाईंनी पुष्पावतीला आत नेऊन तपासलं. डॉक्टरने कपाळावर हात मारून घेतला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही एक बुरशी असते. कुणालाही होते, यात बाईचा काही दोष नाही. या गोळ्या गिळायच्या नाहीत, निजताना आत ठेवायच्या. बरं वाटलं तरी पुरते चौदा दिवस. आतून साबण लावायचा नाही, ओलं लुगडं अंगावर वाळवायचं नाही."

सूर्यभान खाली मान घालून बाजूला झाला. आप्पासाहेब पुढे आले.

"तुम्हाला काय होतंय?"

"मला न्हाई." आप्पासाहेबांनी एकदा मागे पाहिलं, मिशी चाचपली आणि आवाज अगदी बारीक केला. "ह्यो आता जे बोलला, त्येच लिवा. नाव मुक्ताबाई."

या खेपेला कुणी खिदळलं नाही. त्यांच्या मागचा पुंजाराम तर दोन पावलं पुढे सरकला होता.