हवामास्तरांचे चाळीस टक्के

कुलपांच्या कारखान्यात कंप्रेसरची खोली ज्यांच्या ताब्यात होती, त्यांना सगळे हवामास्तर म्हणत. सगळ्या यंत्रांना लागणारी दाबाची हवा त्यांच्याच खोलीतून जाई. अठ्ठावीस वर्षं त्या धडधडाटाशेजारी काढल्यामुळे यंत्राचं दुखणं त्यांना भिंतीपलीकडून कळे, माणसांचं बोलणं मात्र अर्धंच कळे. ते त्यांना मान्य नव्हतं. "हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," असं ते ठासून सांगत.

त्या सोमवारी मॅनेजरबाईंनी खातेप्रमुखांना बोलावलं. वातावरण तापवणारे वायू कमी करू, असा कंपनीने शब्द दिला होता. वीज कोळशावर होते, तेव्हा जेवढी वीज वाचेल तेवढा धूर कमी.

"मास्तर, तुमचे चार टक्के धरू?"

मास्तरांनी चाळीस ऐकले. आकडा अशक्य होता, पण सगळ्यांदेखत माघार कशी घ्यायची?

"चाळीस ना? धरा. कंप्रेसर माझ्या बोटावर नाचतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलंच, शिवाय गेटवर चाळीस टक्क्यांचा फलकही लावला. फलकासमोर मास्तर डबा धरून थिजून उभे असताना त्यांच्या हाताखालचा फिटर हळूच म्हणाला, "मास्तर, बाई चार म्हणाल्या होत्या. मी दाराशीच होतो."

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, सरळ जाऊन सांगा, ऐकण्यात चूक झाली म्हणून."

"म्हणजे मला ऐकू येत नाही असं सांगू?"

"नाही, डोळे आलेत म्हणून सांगा."

मास्तर जेवले नाहीत. रविवारी कारखाना बंद असताना साबणाच्या पाण्याची बादली आणि फिटर, दोघांना घेऊन ते कामाला लागले. जिथून हवा गळे तिथे फेस फुगे. संध्याकाळपर्यंत बरीच गळती बुजवली, तरी कंप्रेसर थांबेना. एकही यंत्र चालू नव्हतं, आणि हा दमा लागल्यासारखा धापा टाकतच होता.

"हवा जाते कुठे?" मास्तर घाबरून म्हणाले.

फिटर पाइपाला कान लावत लावत मागच्या जुन्या विभागाशी पोचला. तो विभाग अकरा वर्षांपूर्वी हलवला होता. दाराला कारखान्याचंच कुलूप, आणि किल्ली कुणाकडेच नाही. ते तोडायला पाऊण तास लागला. "माल चांगला आहे आपला," फिटर घाम पुसत म्हणाला.

दार उघडलं आणि वाऱ्याचा झोत मास्तरांची टोपीच घेऊन गेला. रिकाम्या खोलीत बोटभर जाडीच्या उघड्या पाइपातून हवा सुसाट सुटली होती. रात्रंदिवस, अकरा वर्षं. कोपऱ्यात जुने कागद गोल गोल फिरत होते.

फिटरने पाइपावरचा नळ आवळला. लांबवर कंप्रेसरची धाप बरीच उतरली. झोत थांबल्यावर मास्तरांना नळाला अडकवलेली पत्र्याची चिठ्ठी दिसली. 'नळ बंद केला आहे. स्वतः तपासले.' खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि सही त्यांची स्वतःची होती. मास्तर होते तिथेच जमिनीवर बसले.

महिनाअखेर कंप्रेसरची वीज एकेचाळीस टक्क्यांनी कमी भरली. बाई स्वतः सगळ्या खातेप्रमुखांना घेऊन खोलीत आल्या. "मास्तर, सगळ्यांसमोर सांगा, कसं जमवलंत."

फिटर मान खाली घालून उभा होता. चिठ्ठीबद्दल त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी खिशात हात घातला, थोडा वेळ तिथेच ठेवला, मग पत्रा काढून बाईंच्या हातावर ठेवला. "हा नळ उघडाच राहिला होता."

बाईंनी दोनदा वाचलं.

"अकरा वर्षं?"

"हो."

"तेव्हा विभाग हलवताना अशा आणखी किती नळांवर सही केली होती तुम्ही?"

मास्तरांनी बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची मोजली. मग पुन्हा पहिल्या हातावर आले.

"चौदा," ते म्हणाले.

बाईंनी मास्तरांचीच खुर्ची ओढली आणि तीवर बसल्या.