उरलेल्या लोकरीची यथायोग्य विल्हेवाट

उरलेली वस्तू टाकून देणारा समाज फार काळ टिकत नाही, हे आता सर्वमान्य आहे. पिंपरीला कारखाना निघाला, कासारवाडीच्या बाजूला त्याच्या कामगारांची कॉलनी बसली, आणि छप्पन सालच्या दिवाळीनंतर कॉलनीच्या महिला मंडळाने विणकामाचा वर्ग काढून हा विचार घरोघर पोचवला.

वर्ग चालवीत विमलबाई. त्यांचे यजमान कारखान्यात साहेब होते, त्यामुळे विमलबाईंना सगळं येत असे. वर्गाचा नियम एकच: जे विणायचं ते उरलेल्या लोकरीतून. नव्या लोकरीचं कोणीही विणेल, त्यात कला ती कसली? अडचण एवढीच होती की कॉलनीत कुणाकडे लोकर उरलेली नव्हती, कारण मुळात कुणी ती आणलेलीच नव्हती. मंडळाने यावर साधा तोडगा काढला. पुण्याहून नवी लोकर आणायची, काहीतरी विणायला घ्यायचं आणि उरवायची. उरलेली पुरली नाही तर आणखी आणायची. तीही उरे. अशा रीतीने काटकसर वाढीला लागली.

ज्योतीराम फिटर कॉलनीतल्या अशाच एका काटकसरी घरातला कर्ता पुरुष. मूळचा बार्शीकडचा, म्हणजे उन्हात वाढलेला. सकाळच्या पाळीला सायकलवरून पिंपरीला जाताना पवनेकडून येणारा वारा त्याच्या सदऱ्यात एका बाजूने शिरे आणि दुसऱ्या बाजूने निघायचं विसरून जाई. कारखान्यात पोचल्यावर बराच वेळ त्याच्या बोटांत पाना ठरत नसे, आणि रात्री खोकल्याने डोळा लागत नसे. त्याला एक स्वेटर हवा होता. त्याची बायको मंजुळाबाई मन लावून शिकत होती. तिने त्याच्यासाठी गडद हिरव्या लोकरीचा स्वेटर विणायला घेतलाही. पाठ झाली, पुढचा भाग झाला आणि बाह्यांना लोकर संपली. पुण्यात तोच हिरवा मिळेना.

प्रकरण मंडळापुढे गेलं. विमलबाईंनी निवाडा दिला, की जी वस्तू पुरी होऊ शकत नाही ती उरलेली समजण्यात यावी.

"बिनबाह्यांचा चालेल म्हणावं मला," ज्योतीरामने कळवलं. (मंडळात पुरुषांचे निरोप ऐकून घेत, त्यावर विचार करण्याची पद्धत नव्हती.) स्वेटर उसवण्यात आला.

त्या लोकरीची किटलीला टोपी झाली. बाजूंना दोन फटी, एक तोटीसाठी, एक कानासाठी, आणि शेंड्याला गोंडा. मग गजराच्या घड्याळाला झालर आली, लोणच्याच्या बरणीला झबलं आलं, खुर्चीच्या चारही पायांत मोजे आले. डिसेंबर संपेपर्यंत घरातल्या शेकडा ऐंशी वस्तू लोकरीखाली आल्या होत्या. उरलेल्या विसांत ज्योतीराम मोडत असे.

कारखान्यात त्याच्या शेजारी रहाटणीचा गेनबा असे. तो शेतावरून थेट घोंगडी पांघरून येई. (घोंगडीला मंडळाची मान्यता नव्हती. ती नुसतीच उबदार असते.)

"आरं, तुझ्या घरात चहाला टोपी हाय अन् तू उघडा हिंडतोस व्हय?" गेनबा म्हणाला.

"चहा प्रदर्शनात बसणार आहे, राव," ज्योतीराम म्हणाला.

ते खरं होतं. जानेवारीत मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं, आणि किटलीच्या टोपीला पहिलं बक्षीस मिळणार हे विमलबाईंनी जवळजवळ जाहीर केलं होतं. मंजुळाबाईला गावाकडे कुणी कधी शाबासकी दिली नव्हती. ती त्या टोपीवरची धूळ रोज फुंकरीने उडवी.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे इतका गारठा पडला की ज्योतीरामला सायकलची मूठ धरवेना. घरातले सगळे अजून झोपले होते. त्याने किटलीकडे पाहिलं. किटली सुखात होती. त्याने टोपी काढली, डोक्यात घातली आणि निघाला. तोटीच्या फटीतून एक कान बाहेर आला, कानाच्या फटीतून दुसरा. एवढं बेतशीर माप त्याचं आजवर कुणी घेतलं नव्हतं. ती घालून तो पिंपरीपर्यंत गेला, आणि खरं सांगायचं तर त्या वाटेवर तो पहिल्यांदाच गुणगुणत गेला.

प्रदर्शनात मंजुळाबाईची किटली उघडी बसली.

"अहो मंजुळाबाई, टोपी कुठाय?" विमलबाईंनी चारचौघींत विचारलं.

"शेजारीण म्हणते, हे घालून गेले कामावर," मंजुळाबाई म्हणाली, आणि बायका हसल्या. बक्षीस बरणीच्या झबल्याला गेलं. ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

संध्याकाळी ती भांडायच्या तयारीनेच बसली होती. पण जादा काम करून तो दारात आला तेव्हा फटींतून बाहेर आलेले त्याचे दोन्ही कान जांभळे पडले होते. ती उठून जवळ आली.

"एवढं गार लागतं, तर बोलायचं नाही का हो?"

"दिवाळीपासून बोलतोय."

"मला वाटलं, कौतुक करवत नाही म्हणून बोलताय."

तिला रडू आलं. त्याच रात्री तिने घर उसवायला घेतलं. किटली, घड्याळ, बरणी, खुर्ची, सगळे उघडे पडले. वर्गाला न जाता, कुणाला न विचारता तिने पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला. हिरवा, जांभळा, तांबडा, पिवळा. ज्योतीरामने तो अंगात घातला, आणि आरशासमोर उभं राहून दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून पाहिल्या. आयुष्यात एवढं चांगलं काही त्याच्या अंगावर चढलं नव्हतं.

म्हणूनच त्याने तो काढून ठेवला. कारखान्यात ग्रीस लागलं असतं, सायकलवर धूळ बसली असती. अशी वस्तू कुणी रोज वापरतं का? मंजुळाबाईलाही ते पटलं. स्वेटर डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत गेला, आणि थोडी लोकर उरली होती तिची तिने त्याला पिशवी विणली. दुसऱ्या दिवशी ज्योतीराम पुन्हा नुसत्या सदऱ्यावर निघाला. मात्र आता फार कुडकुडलं की तो गेनबाला सांगे, "घरी स्वेटर आहे माझा," आणि त्याला खरोखरच थोडं बरं वाटे.

इथे वाचकाला हसू येणं स्वाभाविक आहे. अवश्य हसावं. हसून झाल्यावर उठून आपलं कपाट उघडावं आणि वरच्या कप्प्यातली ती चांगली शाल कोणासाठी ठेवली आहे, हे घरच्यांना एकदा सांगून टाकावं. (डांबराच्या गोळ्यांचा वास आला, तर सांगितलं नाही तरी चालेल.)