वांग्याचं गळू

शेजारच्या कचरूमामांना गळू झालं की ते औषधाआधी आरोपी शोधतात. आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत प्रत्येकावर एकदा तरी आळ आलेला आहे. काखेतलं गळू माझ्या बायकोच्या वांग्याच्या भाजीनं झालं, मांडीवरचं समोरच्यांच्या तापलेल्या ओट्यानं. "हे तुमच्या घरचं हाय," असं ते दारात उभे राहूनच सांगतात, कारण गळवामुळं बसायची सोय नसते.

इलाज एकच, हळद घातलेलं कणकेचं गरम पोटीस. "अंगात उष्णता हाय, दुसरं काय नाय," म्हणायचं आणि वर सब्जाचं पाणी प्यायचं. मामी चार वर्षांपूर्वी तापानं गेल्या. तेव्हापासून पोटीसही स्वतःचं स्वतःच बांधतात.

यंदा सहा महिन्यांतलं पाचवं गळू मानेवर आलं. लिंबाएवढं, तीन तोंडांचं. मामांनी कुणालाच दोष दिला नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. अंगात ताप होता, मान वळत नव्हती.

"मामा, सारखी गळवं येतात म्हणजे साखर असेल. रक्त तपासू या."

"मला कुठली साखर? च्या बी बिनसाखरेचा पितो मी."

"मग घाबरता कशाला?"

"घाबरतंय कोण?" म्हणाले आणि त्यांनी आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी कसंबसं दार उघडलं आणि ते तापात बरळायला लागले. बायकोनं आणि मी त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात नर्सनं बोट धरलं, तर मामांनी माझं मनगट आवळलं. एवढी गळवं हूं की चूं न करता सोसणारा माणूस, आणि टाचणीएवढ्या सुईकडं बघायला तयार नव्हता. रक्ताचा एक थेंब निघाला. यंत्रावर आकडा आला.

"साखर फार वाढलीय, म्हणून गळवं परत परत येतात," डॉक्टर म्हणाले. "आज चीर देऊन पू काढू, औषधं सुरू करू. घाबरू नका, वेळेत आलात. यापुढं गळू दाबायचं नाही, टॉवेल वेगळा ठेवायचा."

मला हायसं वाटलं. मामा मात्र बोटाकडंच पाहत होते.

"एवढंच असतंय व्हय? एक थेंब?"

"एवढंच."

"आमच्या मंडळीच्या पाठीला बी असंच गळू व्हायचं. सारखं. मीच पोटीस बांधायचो, रोज ताजं." त्यांनी ते बोट मुठीत धरलं. "तिचं बी कळलं असतं का, सायेब? एका थेंबात?"

डॉक्टरांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

आठवड्यानं मामा मानेला पट्टी बांधून आमच्या दारात आले. माझ्या बायकोच्या कोपरावर एक फोड आला होता, तो त्यांनी वाकून, निरखून पाहिला.

"हा वांग्याचा नाय," ते म्हणाले. "उद्या तपासाय जाऊ, पोरी. भिऊ नको. मी येतो संगं."