अक्षराच्या गुणांचं दुसरं पान

लातूरहून व्यंकटरावांचा फोन आला तेव्हा वीरभद्रअप्पा उदगीरच्या मोंढ्यात तुरीचा नमुना तळहातावर घेऊन बघत होते.

"बायोडाटा मिळाला," व्यंकटराव म्हणाले. मग हळूच विचारलं, "अप्पा, मुलगी उडती म्हंजे नेमकं कसं?"

"कोण उडती?"

"तुमची अक्षरा. दुसऱ्या पानावर लिव्हलंय. उड्डाण. हिला फक्त उडणाराच अडवू शकतो."

अप्पांच्या हातातली तूर खाली सांडली. सकाळी त्यांनीच घरच्या कॉम्प्युटरवरून दोन फायली पाठवल्या होत्या. एक 'अक्षरा बायोडाटा', दुसरी 'अक्षरा विशेष गुण'. लेकीनं गुणांसाठी वेगळं पान केलं याचं त्यांना कौतुकच वाटलं होतं. उघडून बघायचं तेवढं राहून गेलं.

"आनखी काय हाय त्यात?"

"विषस्पर्श. हिचा नुसता ओरखडा लागला तरी समोरचा मरतो. जीवशोष. समोरच्याला जेवढी जखम, तेवढं हिचं आयुष्य वाढतं." व्यंकटरावांचा आवाज खाली आला. "आमचा पंचाक्षरी एकुलता एक हाय, अप्पा."

अप्पा दुकान तसंच मुनिमावर टाकून घरी आले. अक्षरा सतरंजीवर रंगीत पत्ते मांडून बसली होती. पत्त्यांवर राक्षस, अजगर, पंखवाल्या राण्या.

"ते ह्या खेळातलं हाय, अप्पा," सगळं ऐकून ती कपाळाला हात लावून म्हणाली. "पत्त्यावर ताकदीचा नुसता एक शब्द छापतेत. अर्थ आपुन ध्यानात ठिवायचा. माझ्या मैत्रिणीला, शिवांगीला, शिकवायला मराठीत लिहून काढलं होतं."

"स्थळ गेलं," अक्षराची आई गुरम्मा उंबऱ्यावर बसत म्हणाल्या.

पण संध्याकाळी पुन्हा फोन आला. "आमची मंडळी म्हणती, असली पोरगी बघितल्याबगर सोडायची न्हाई."

रविवारी तिघं आले. पंचाक्षरीच्या आईनं, मल्लम्मांनी, पिशवीतून ते पान काढलं. अक्षरानं सगळा घोटाळा सांगितला, तशा त्या म्हणाल्या, "मंग खेळूनच दाखीव."

पोहे गार झाले. पहिल्या डावात अक्षराच्या राणीनं मल्लम्मांचे तीन राक्षस उडत उडत मारले. दुसऱ्या डावात मल्लम्मांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"पहिला वार म्हंजे समोरच्यानं हात उचलायच्या आत आपला फटका. आन् विषस्पर्श म्हंजे ओरखडा पुरे."

"हाव, काकू."

"मंग ह्या दोन्ही ताकदींचे पत्ते माझ्या एकाच बाईवर ठिवले तर? समोरचा कितीबी मोठा असू दे, हात उचलायच्या आतच मेला."

अक्षरा त्यांच्याकडं बघतच राहिली. हे तिला कळायला सहा महिने लागले होते. मल्लम्मांच्या हातातल्या फाटक्या कपड्यांच्या म्हातारीनं तिची राणी मारली, मग अजगर मारला, मग डावच घेतला.

एवढ्या वेळात पंचाक्षरीनं तीन बशा पोहे संपवले होते. अक्षरानं त्याला दोन प्रश्न विचारले. दोन्ही वेळा तो म्हणाला, "आईला विचारा."

"आमच्याकडून पसंती हाय," निघताना व्यंकटराव म्हणाले. अप्पा उड्या मारायचेच बाकी होते. गाडी वळल्यावर त्यांनी लेकीला विचारलं.

"मुलगा नको, अप्पा," अक्षरा पत्ते गोळा करत म्हणाली. "पन काकूंना पुढल्या रविवारी बोलवा."

एकाच फोनवर नकार कळवून आमंत्रण कसं द्यावं, हे अप्पांना दोन दिवस सुचेना. तिसऱ्या दिवशी मल्लम्मांचाच फोन आला.

"अप्पा, आमचं पोरगं तिला आवडलं नसनार, मला तिथंच कळलं. ते ऱ्हाऊ द्या. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येऊ का दुपारच्या, तेवढं विचारून सांगा."