लाल चिठ्ठीचं चाक

गुरुवारी दुपारी पुनावळ्यातल्या घराच्या फाटकाशी मोटारीच्या डाव्या पुढच्या चाकाचा कठड्याशी संपर्क आला आणि अलॉयच्या चकचकीत रिमवर त्रेचाळीस मिलिमीटर लांबीचा ओरखडा उमटला. 'गाडी घासली' असं यशवंतराव म्हणाले नाहीत. चाकणला चाकांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस तो. आधी मोजमाप, मग हळहळ. निवृत्तीच्या वेळी लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा चुकून घरी आला होता. त्यातली एक काढून त्यांनी वर 'नामंजूर' लिहिलं आणि चाकाला बांधली.

प्रश्न चाकाचा नव्हता, चावीचा होता. मुलगा कुलदीप, तोही कंपनीत क्वालिटीतच, पाडव्याला म्हणाला होता, "आप्पा, तुमची नजर पहिल्यासारखी राहिली नाही. गाडीला एक जरी ओरखडा दिसला, तर चावी माझ्याकडं." आणि दर गुरुवारी तर बायकोला, छबूबाईंना, राजगुरुनगरला थोरल्या बहिणीकडं न्यायचं असायचं. त्या बहिणीला हल्ली कुणाचीच ओळख पटत नव्हती. छबूबाई दिसल्या की मात्र ती हसायची. बस बदलत तिथवर जाणं छबूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. कुलदीप आणि सून मोनिका नागपूरला लग्नाला गेले होते. रविवारी संध्याकाळी परतणार.

दुरुस्तीआधी मूळ कारण शोधायचं, पाच वेळा 'का' विचारून, हा कारखान्याचा दंडक. साक्षीदार म्हणून छबूबाईंना पायरीवर बसवण्यात आलं.

"चाक कठड्याला का लागलं?"

"कुत्रं आडवं आलं."

"कुत्रं तिथं का?"

"मी भाकरी टाकते म्हणून."

"भाकरी का उरते?"

"तुमी अर्धीच खाता. डाक्तर म्हनले ना!"

"डॉक्टर असं का म्हणाले?"

"साखर वाढली तुमची."

"ती का वाढली?"

"अवं, घरी बसून! आनि कशानं?"

यशवंतरावांनी वहीत लिहिलं: 'मूळ कारण – सेवानिवृत्ती. उपाय – संबंधितास तातडीने कामास लावणे.' संबंधितानं बाह्या सरसावल्या.

सामान आणायला ते भोसरीला अजिमच्या रंगाच्या दुकानात गेले. अजिमनं घासायचा पाणकागद, पुट्टी, प्रायमर, चंदेरी रंग आणि वरच्या पारदर्शक थराचा डबा काढून दिला. मग काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "काका, एकच चाक करू नका. एक चमकलं की बाकीची तीन चुगली करतात."

"एकतीस वर्षं चाकं बघितलीत मी, अजिमभाऊ."

"बघितलीत हो. रंगवलीत का?"

शुक्रवारी टायर आणि रिमच्या फटीत गेल्या हंगामातल्या लग्नपत्रिका खोचून यशवंतरावांनी टायर झाकला. घासलं, भरलं, पुन्हा घासलं, रंगवलं. 'चि. सौ. कां.' वर चंदेरी तुषार उडाले. शनिवारी सकाळी चाक असं झळकलं की त्यात मिशी विंचरावी. आणि बाकीच्या तिघांनी लगेच चुगली केली. तीन नव्या लाल चिठ्ठ्या बाहेर आल्या.

डाव्या मागच्या चाकावर पाणकागद फिरताच पापुद्रा सुटला. नेलपॉलिश. बारीक चमचमवालं. खाली बोटभर ओरखडा. घरात हे नेलपॉलिश एकटी मोनिका लावायची.

उजव्या मागच्यात पुट्टी निघाली, कंपनीची उंची पुट्टी, कुलदीपच्या बॅगेत असते ती.

उजव्या पुढच्या चाकातून फाटकाचा रुपेरी रंग निघाला तेव्हा यशवंतरावांनी हातातला कागद खाली ठेवला.

"छबू."

"सिलिंडर ढकलताना लागलं वो. फाटकाचा रंग उरला व्हता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी लाल चिठ्ठी लावली असती."

ही गाडी ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं पुसत. हातभर अंतर, तीन सेकंद, एवढ्यात दिसला तर दोष, नाहीतर माल मंजूर, हा तपासणीचा नियम. घरातला सगळा माल या नियमात बसून गेला होता. थोडा वेळ त्यांना स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटली. मग हसू आलं, आणि ते पुसायला हात रंगानं भरलेले.

रविवारी संध्याकाळी कुलदीप रिक्षातून उतरला तो थेट गाडीपाशी. चारही चाकं चंद्रासारखी. तो उकिडवा बसला. उजव्या मागच्या चाकाला त्यानं तीन नव्हे, चांगले वीस सेकंद दिले.

"आप्पा… चारही केलीत?"

"चारही."

"खालचा जुना थर…"

"काढला. मूळ धातूपर्यंत."

मोनिकाच्या हातातली बॅग खाली टेकली. पायरीवरच्या छबूबाई मेथी निवडत होत्या, त्या एकच काडी परत परत निवडू लागल्या. फाटकाशी कुत्र्यानं जांभई दिली.

"आप्पा, चहा टाकते," मोनिका म्हणाली. "आलं घालून."

"आणि चावी?" यशवंतरावांनी नम्रपणे विचारलं.

"तुमच्याकडंच राहू द्या की," कुलदीप टायरकडं बघत म्हणाला. "तुमची नजर अजून… बरी आहे."

रात्री अहवाल पूर्ण झाला. 'आढळलेले दोष – शून्य.' खाली चौघांच्या सह्या. इतक्या झटपट सह्या चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षांत झाल्या नव्हत्या. उरलेल्या लाल चिठ्ठ्या छबूबाईंनी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला घेतल्या.

हे वाचून तुम्ही हसत असाल तर खुशाल हसा. फक्त खाली पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीच्या चाकांना नख लावू नका. हातभर अंतरावरून, तीन सेकंद बघा आणि वर या. चारांपैकी एक चाक कुणी रंगवलंय, ते तुम्हाला ठाऊकच आहे.