दोन बोटं पाणी

लेक आठ दिवस परगावी गेली आणि जाताना आपला बोटभर मासा माहेरी ठेवून गेली. सुनेनं त्याचं काचेचं भांडं ठेवलं सासऱ्यांच्या आरामखुर्चीशेजारी, पाण्याच्या माठाच्या जागेवर. माठ गेला स्वयंपाकघरात, पेला तेवढा तिथंच राहिला.

सासरे निवृत्त पाणीमीटर तपासनीस. तीस वर्षं चोरटे नळ पकडलेला माणूस. दुसऱ्याच दिवशी ओरडले, "सूनबाई, दोन बोटं पाणी कमी आहे!"

"उन्हानं आटलं असेल, बाबा."

"एका दुपारीत? हा पितोय. तोंड बघा, सारखं चालू!"

"पीत नाही हो. तोंडातून घेतो, कल्ल्यांतून सोडतो. त्यातली हवा तेवढी ठेवतो."

"म्हणजे आत तेवढंच बाहेर?"

"तेवढंच."

"मग हिशेब का लागत नाही?" सासऱ्यांनी चष्म्यावरून खिडकीतल्या कुंड्यांकडे पाहिलं. सुनेची झाडं टवटवीत होती. जरा जास्तच.

झालं! आळ सुनेवर. आता नणंद आली की आयुष्यभर ऐकवणार, वहिनीनं माझ्या माशाला कोरडं पाडलं!

सासऱ्यांनी काचेवर रेघ मारली. सून रोज रेघेपर्यंत भरायची, दुपारी पाणी पुन्हा खाली. शेवटी आठव्या दिवशी जेवून सासरे पहाऱ्याला बसले. "आज डोळ्याला डोळा लागणार नाही!"

"त्याचाही लागत नाही," सून म्हणाली. "माशाला पापण्याच नसतात. सगळं बघितलंय त्यानं. त्यालाच विचारा."

पाच मिनिटांत घोरणं सुरू. तेवढ्यात नणंद बॅग घेऊन दारात. सुनेनं तिला खुणेनंच गप्प केलं, कारण सासऱ्यांचा डावा हात हलला होता.

झोपेतच माठातलं पाणी प्यायची वीस वर्षांची सवय ती. मिटल्या डोळ्यांनी हातानं पेला उचलला, भांड्यात बुडवला. मासा तयारीचा, पाणी जरा हललं की ते टिपणारी एक रेघ माशाच्या कुशीवरच असते. सुळकन तळाशी! सासऱ्यांनी घटाघटा पेला संपवला आणि दुसरा बुडवला.

"बाबा! माझा मासा!" नणंद किंचाळली.

त्या किंकाळीनं भांडं असं हादरलं, की माशाचा अंदाज चुकला आणि स्वारी थेट पेल्यात.

पेला ओठांशी आला, तेव्हा सासऱ्यांना जाग आली. नाकासमोर मासा. दोघं एकमेकांकडे टक लावून.

शेवटी एकानं शरमेनं डोळे मिटले. माशाला ते जमणारच नव्हतं.